ने म्हणजे नको

नवरा: पुन्हा म्हण. दोब्री देन.

बायको: दुपारी देईन.

नवरा: दुपारी देईन नव्हे. दोब्री देन. चेक भाषेतला नमस्कार. दुकानात शिरताना तो म्हटल्याशिवाय पुढची कार्यवाही सुरू होत नाही.

बायको: अहो, बावीस वर्षं मी याच खोलीत कपडे शिवले. दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की तोंडून आपोआप निघायचं, दुपारी देईन. तिकडेही दारातच म्हणायचंय ना? मग माझं ठरलं. तुम्ही पुढचं घ्या.

नवरा: आणि दिलंस का कधी दुपारी?

बायको: नाही. पण गिऱ्हाईक समाधानाने परत जायचं. नमस्काराचा उपयोग तेवढाच असतो.

नवरा: थट्टा पुरे. साडेचारला लेकीचा फोन येणार, आता सव्वातीन झालेत. फाइलीतला पहिला कागद काय म्हणतो ते ऐक. 'विषय, आईचे बाहेर जाणे.'

बायको: विषय तिने लिहिला?

नवरा: विषय मी घातला. मजकूर तिचा. 'आई, या खेपेला सहा महिने ये. मी पुन्हा कामावर रुजू होतेय आणि बाळ आठ महिन्यांचं आहे. सोबत चाळीस वाक्यांची यादी पाठवतेय. ती पाठ झाली तर दूध, पाव, बाळाचे डायपर तू जाऊन आणत जा. नाही झाली तर सामान घरपोच मागवू, आणि घराची किल्ली मागच्यासारखी आमच्याकडेच राहील.' खाली सही नाही. एक हसरा चेहरा आहे.

बायको: तो वाचून दाखवायची गरज नव्हती.

नवरा: कागद पूर्ण वाचावा लागतो.

बायको: काल वरच्या मजल्यावरची विचारत होती, या वयात काय शिकताय म्हणून. म्हटलं, चेक. तर म्हणाली, आता चेक कोण घेतं, सगळं मोबाइलवर होतं, त्यापेक्षा ते शिका.

नवरा: तू खुलासा केलास ना?

बायको: कशाला? तिने अर्ध्या तासात मला मोबाइलवर विजेचं बिल भरायला शिकवलं. तुमच्या तीन आठवड्यांत मला एक नमस्कार आला, तोही दुपारचा.

नवरा: वाक्य क्रमांक चार. 'तुमच्याकडे दूध आहे का?' माते म्लेको?

बायको: माते?

नवरा: माते.

बायको: दुकानदारणीला एवढा मान?

नवरा: मानाचा प्रश्न नाही. 'माते' म्हणजे 'तुमच्याकडे आहे का'.

बायको: आणि गल्ल्यावर मिशीवाला बसलेला असला तर?

नवरा: त्यालाही माते.

बायको: बरं. आणि आईला काय म्हणतात?

नवरा: थांब, मागच्या पानावर आहे. हं. मामा.

बायको: आईला मामा आणि मिशीवाल्याला माते. मग खऱ्या मामाला काय म्हणतात ते सांगू नका, मला भोवळ येईल.

नवरा: भाषा आपली नाती बघून चालत नसते. क्रमांक नऊ. 'हे महाग आहे.' ये तो द्राहे.

बायको: ये तो हिंदी आहे.

नवरा: चेक आहे.

बायको: मग हे मला येईल. 'ये तो द्राहे' म्हणायचं, वस्तू खाली ठेवायची, दोन पावलं दाराकडे चालायचं आणि तो हाक मारेपर्यंत वळायचं नाही. हाक कशी मारतात तेवढं लिहून द्या, म्हणजे ऐकू आली की कळेल.

नवरा: तिकडे हाक मारत नाहीत. किमती ठरलेल्या असतात.

बायको: मग महाग आहे हे त्याला सांगायचं कशाला?

नवरा: माहितीस्तव.

बायको: मला एक सांगा, तुम्ही स्वतः शेवटचे दुकानात कधी गेलात?

नवरा: प्रश्न गैरलागू आहे.

बायको: लग्नानंतरच्या वर्षी. मीठ आणायला पाठवलं होतं, धुण्याचा सोडा घेऊन आलात. विचारलं तर म्हणालात, वर्णन जुळत होतं.

नवरा: पांढरं होतं आणि पुडीत होतं.

बायको: स्वतःच्या भाषेत ज्याला मीठ मिळालं नाही, तो माणूस मला परक्या भाषेत दूध मागायला शिकवतोय.

नवरा: मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क होतो. मला कुठे नळ जोडता येत होता? पाणी आलंच ना लोकांना?

बायको: एक दिवसाआड.

नवरा: पुढे. या पुस्तकात एक वाक्य आहे, ते लेकीच्या यादीत नाही. 'मी नुसतं बघतोय.' येन से दीवाम. निरर्थक आहे म्हणा. नुसतं बघायला दुकानात कोण जातं?

बायको: तीन आठवड्यांत हे एक कामाचं वाक्य काढलंत, आणि नेमकं तेच लेकीने गाळलंय. तिच्या यादीत काय काय आहे ते सांगा बरं. 'माफ करा' किती वेळा आहे?

नवरा: एक, दोन... चार. वेगवेगळ्या प्रसंगांचं.

बायको: आणि दूध?

नवरा: दूध एकदा.

बायको: दूध एकदा, माफी चारदा. मला तिथे नक्की काय आणायला पाठवणार आहेत?

नवरा: तू प्रत्येक कागदावर शेरा मारत बसलीस तर चाळीस व्हायची कधी? आता सगळ्यात सोपे दोन घे, पैकीच्या पैकी मार्कांचे. क्रमांक अकरा, 'हो' म्हणजे आनो. क्रमांक बारा, 'नाही' किंवा 'नको' म्हणजे ने.

बायको: काय म्हणालात?

नवरा: ने. एकच अक्षर आहे, पाठ करायलाही नको.

बायको: ने म्हणजे नको?

नवरा: नको, नाही, दोन्हीला तेच.

बायको: ने म्हणजे घेऊन जा, असं नाही?

नवरा: ते मराठीत. तिकडे बरोबर उलट. का गं? पाणी देऊ का?

बायको: पाणी नको. थांबा जरा. हे मला मागच्या खेपेला कोणी सांगितलं का नाही?

नवरा: मागच्या खेपेला तू बाळंतपणासाठी गेली होतीस, भाषेसाठी नव्हे.

बायको: त्या झारीचं तुम्हाला लेकीने काय कळवलं होतं?

नवरा: त्रोटक कळवलं होतं. 'आईने खालच्या फुलांच्या दुकानातून झारी उचलली, मोठी पंचाईत झाली, सध्या तिला एकटीला बाहेर पाठवत नाही.'

बायको: उचलली. हाच शब्द होता?

नवरा: जपून ठेवलाय. दाखवू?

बायको: राहू द्या. जन्मभर दुसऱ्यांचे तक्रारअर्ज वाचलेत, आज घरातला एक ऐका. त्यांच्या इमारतीसमोर एक फुलवाली होती. माझ्याच वयाची, कमरेत वाकलेली. मी रोज तिच्यासमोरून जायची. ती मान हलवायची, मी हलवायची. महिनाभर आमचं बोलणं एवढंच, पण त्या गावात तेवढंसुद्धा माझ्याशी दुसरं कोणी बोलत नव्हतं. एक दिवस पायरीवर कुंड्यांच्या ओळीत हिरवी झारी दिसली, लांब चोचीची. बाल्कनीतल्या रोपांना बरी पडेल म्हणून मी हातात घेतली आणि बोटं चोळून विचारलं, कितीला. तर ती दोन्ही हात हलवत म्हणाली, ने, ने, ने.

नवरा: अरे देवा.

बायको: मला वाटलं, काय माउली आहे. मी म्हटलं, नको हो, असं फुकट कसं न्यायचं. तर ती आणखी जोरात, ने, ने. इतका आग्रह मला माहेरीसुद्धा कधी कोणी केला नव्हता. मग फार आढेवेढे घेणं बरं दिसत नाही म्हणून हात जोडले आणि झारी घेऊन निघाले.

नवरा: आणि ती?

बायको: मागोमाग आली. मला वाटलं, पोचवायला येतेय. वळून म्हटलंसुद्धा, राहू द्या, कंबर दुखेल तुमची. तरी फाटकापर्यंत आली, ने ने करत. डोळ्यांत पाणी. मी वर जाऊन जावयांना सांगितलं, किती प्रेमळ माणसं आहेत हो तुमच्याकडे.

नवरा: वस्तुस्थिती कधी उघड झाली?

बायको: संध्याकाळी. दारात ती, आणि तिच्या सोबतीला लिफ्टशेजारचा गृहस्थ. झारी तिच्या गेलेल्या नवऱ्याची होती. विकायची नव्हतीच ती. लेकीने अर्धा तास चेकमध्ये तिची माफी मागितली, मग दहा मिनिटं मराठीत माझ्याशी बोलली. चेक फार गोड बोलते हो आपली लेक.

नवरा: तू तेव्हाच सांगायला हवं होतंस, की ती बाई ने म्हणाली.

बायको: सांगितलं की. ती ने म्हणाली गं, ती ने म्हणाली गं, असं तीनदा सांगितलं. तर लेक म्हणते, हो ना, ने म्हणाली ना? तरी तू नेलीस? आम्ही मायलेकी एकच वाक्य बोलत होतो आणि त्याच वाक्यावरून भांडत होतो.

नवरा: हे फाइलला जोडायला हवं.

बायको: जोडा. आणि खाली हेही लिहा, की दुसऱ्या दिवशी माझी किल्ली गेली. कोंडून कोणी ठेवलं नाही हं, उगाच खोटं कशाला बोलू. दार आतून कधीही उघडायचं. पण बाहेर पडून मागे ओढलं की बंद, आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. म्हणजे मी मनात येईल तेव्हा जाऊ शकत होते. फक्त परत येऊ शकत नव्हते. तीन महिने मी खिडकीतून त्या फुलवालीच्या दुकानाचं छप्पर बघितलं.

नवरा: मला वाटायचं, तुला थंडी सोसत नाही म्हणून तू बाहेर पडत नाहीस. फोनवर तसंच म्हणायचीस तू.

बायको: फोन ती धरायची.

नवरा: बरं. म्हणजे आज पास व्हायलाच हवं. क्रमांक तेरा, सगळ्यांत जास्त लागणारं वाक्य. 'मला अमुक हवं होतं.' ख्त्येल बिख. घशातून काढ.

बायको: ख्त्येल बिख. माशी गिळल्यासारखं वाटतं.

नवरा: तसंच वाटायला हवं. त्यापुढे वस्तूचं नाव, आणि शेवटी प्रोसीम, म्हणजे कृपया. ख्त्येल बिख म्लेको, प्रोसीम.

बायको: ख्त्येल बिख म्लेको, प्रोसीम.

नवरा: उत्तम. आणखी पन्नासदा म्हण.

बायको: पन्नासदा म्हटलं तर दूध आपल्या पायांनी येईल.

(मोबाइल वाजतो. नवरा फाइल सरळ करतो. बायको चष्मा पुसून पुन्हा लावते.)

लेक: आई, दिसतेय का मी? लवकर फोन केलाय, बाळ झोपलंय तोवर परीक्षा उरकून घेऊ. बाबा, तुम्ही मधे सांगायचं नाही.

नवरा: मी पर्यवेक्षक म्हणून बसलोय.

लेक: तू दुकानात आलीस, मी गल्ल्यावर आहे. चल.

बायको: दोब्री देन.

नवरा: बघ, आलं की नाही.

लेक: बाबा. हं, आई. दोब्री देन. प्रोसीम?

बायको: ख्त्येल बिख म्लेको, प्रोसीम.

लेक: काय म्हणालीस?

बायको: ख्त्येल बिख म्लेको. ख्त्येल बिख ख्लेबा, म्हणजे पाव. ख्त्येल बिख प्लेन्की, म्हणजे तुझ्या बाळाचे डायपर. का, उच्चार चुकला?

लेक: उच्चार चांगलाय. थांब, मला हसू आवरू दे. अगं, तू पुरुषासारखी बोलतेयस. आपण नाही का, बाबा 'आलो' म्हणतात आणि तू 'आले' म्हणतेस? तसंच आहे. पुरुष म्हणतो ख्त्येल, बाई म्हणते ख्त्येला. तू आपली मघापासून 'मी दूध न्यायला आलो, पाव न्यायला आलो' करतेयस. कोणी शिकवलं हे?

बायको: पर्यवेक्षक शेजारीच बसलेत.

नवरा: पुस्तकात असंच छापलंय. हे बघ. ख्त्येल, मग कंसात आ, मग बिख.

लेक: कंसातला तो आ बायकांचा, बाबा.

नवरा: आमच्या ऑफिसात कंसातलं कोणी वाचत नसे.

बायको: म्हणजे मी कंसात होते. तरीच.

लेक: आई, चिडू नकोस.

बायको: चिडते कुठे? इतकी वर्षं घरात यांचीच वाक्यं म्हणतेय. चेकमध्ये पकडली गेले एवढंच. पुढचं विचार.

लेक: ताश्कु?

बायको: पिशवी हवी का विचारतेयस. ने, द्येकुयि. नको, धन्यवाद.

लेक: वा. हे अगदी पक्कं केलंयस.

बायको: आणि मराठीत ने म्हणजे काय गं?

लेक: मराठीत? ने म्हणजे ने. उचल आणि ने. घेऊन... आई. ती झारी.

बायको: हं.

लेक: म्हणून तू तीनदा म्हणत होतीस, की ती ने म्हणाली.

बायको: तू मराठी विसरलीस असं नाही म्हणत मी. घाईत होतीस.

लेक: मला वाटलं, तुला कळलं होतं आणि तरी तू... जाऊ दे. चुकलंच माझं.

बायको: मग निकाल काय? किल्ली मिळणार का?

लेक: आई, ते ख्त्येल-ख्त्येला अजून कच्चं आहे गं. आल्यावर महिनाभर माझ्याबरोबर चल, मग बघू.

बायको: ख्त्येल म्हटलं तर दूध मिळतं का?

लेक: मिळतं. हसतील फक्त.

बायको: मागच्या खेपेला रडवलं होतं, या खेपेला हसवेन. प्रगती आहे.

लेक: तुला गंमत वाटते. आम्ही इथे सहा वर्षं झिजून आता कुठे चारचौघांसारखे दिसायला लागलोय. रस्त्यात कोणी वळून बघत नाही, एवढं मिळवायला किती लागतं ते तुला नाही कळायचं. तो लिफ्टशेजारचा गृहस्थ अजून विचारतो, तुमची आई कधी येणार? आणि माझ्यादेखत बायकोला सांगतो, कुंड्या आत घे.

बायको: म्हणजे मी चाळीसच्या चाळीस म्हटली असती, तरी तू एक्केचाळिसावं शोधलं असतंस.

लेक: असं काही नाही.

बायको: खरं सांग.

लेक: शोधलं असतं बहुतेक.

बायको: हे वाक्य यादीत पहिलं घालायला हवं होतंस. माझे तीन आठवडे वाचले असते.

नवरा: मी एक सुचवू का? दोन्ही पक्षांना मान्य होईल असं. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, किल्ली लेखी अर्जावर...

बायको: तुम्ही थोडा वेळ कंसात बसा. ऐक गं. या खेपेला तुझे बाबा येतील. पुरुषाची वाक्यं पुरुषाच्याच तोंडी शोभतात. इथल्या इमारतीचा पाण्याचा पंप मी लावत जाईन. यांच्याशिवाय तो चालत नाही म्हणतात, पण बटण एकच आहे, मी पाहिलंय.

नवरा: माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

लेक: बाबा, तुम्हाला डायपर बदलता येतो?

नवरा: पुस्तकात विकत घेण्यापर्यंतच आहे.

लेक: आई, एक तारखेला मला रुजू व्हायचंय. तू चेष्टा करतेयस ना?

बायको: चेष्टा नाही. तीन महिने मी खिडकीत बसले आणि इकडे यांना वाटत राहिलं, मला थंडी सोसत नाही. तेव्हा मी गप्प बसले, कारण तुझे दिवस भरत आले होते. आता तुझं बाळ मोठं झालं. मी येईन, त्याला सांभाळीन, तुझं दूध आणीन, लोक हसले तर तेही आणीन. पण घरातून बाहेर पडले की मला माझी मी परत आत येता आलं पाहिजे. ते जमणार नसेल, तर सामान घरपोच मागवतेसच, त्याबरोबर आजीही मागव.

लेक: किती बोलतेस. किल्ली करून ठेवते, झालं?

बायको: करून ठेवू नकोस. दे.

लेक: देते.

बायको: कधी?

लेक: विमानतळावर. उतरल्या उतरल्या, हातात. आणि आई, एकदा म्हण ना, ख्त्येला.

बायको: ख्त्येला बिख.

लेक: बरोबर. बाळ उठलं बघ. ठेवते हं.

नवरा: ठेवला तिने. म्हणजे पास झालीस म्हणायचं. नोंद करून फाइल बंद करतो. अगं, पण 'जरा जाऊन येते' हे यादीत कुठेच नाही. ते चेकमध्ये कसं म्हणतात, शोधून ठेवू का?

बायको: नको. ते दुकानात कोणाला सांगायचं नसतं. ते घरातून निघताना सांगायचं, आणि घरात मराठी चालते.